नवरीच्या चेहऱ्याला ब्रश लावण्याआधी: नव्या मेकअप आर्टिस्टसाठी त्वचा आणि केसांचं शास्त्र

मेकअपच्या कोर्समध्ये बेस, कंटूर, आय मेकअप, साडी ड्रेपिंग हे सगळं मन लावून शिकवतात. ज्या त्वचेवर हे करायचं ती त्वचा कशी चालते, हा भाग मात्र बऱ्याच ठिकाणी घाईत उरकला जातो. मग पहिली लग्नाची ऑर्डर येते. गोरज मुहूर्त असेल तर निदान वेळ तरी मिळतो. सकाळचा मुहूर्त असला की पहाटे साडेचारला नवरी समोर बसते. आदल्या दिवशीच्या हळदीने चेहरा पिवळा, जागरणाने पापण्या सुजलेल्या, कुणीतरी सुचवलेल्या क्रीमने गालांची आग होत असलेली आणि केस तेलाने चप्प. अशा वेळी किटमधलं सगळ्यात महाग फाउंडेशनही कामाला येत नाही.

मेकअप टिकतो की फाटतो, हे बहुतेक वेळा त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरावर ठरतं. तो थर सांभाळणं हे पार्लरवालीचं काम, आपण फक्त रंग लावायचा, असं म्हणणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. तो थर सांभाळणं हेच आपलं निम्मं काम आहे. म्हणून हा लेख एका मराठी नवरीच्या बुकिंगच्या क्रमाने लिहिला आहे: पहिल्या भेटीपासून लग्नाच्या रात्री मेकअप उतरवेपर्यंत.

पहिली भेट: आधी प्रश्न, मग फोटो

नवरी मोबाइलमधले फोटो दाखवायला लागेल. तिला ते दाखवू द्या, पण त्याआधी वही उघडा आणि विचारा. चेहऱ्याला सध्या रोज काय लावता? पुरळासाठी पोटातून गोळ्या चालू आहेत का, किंवा गेल्या काही महिन्यांत होत्या का? हेअर डायने, टिकलीने, खोट्या दागिन्यांनी किंवा मेंदीने कधी खाज आली होती का? दम्याचा त्रास आहे का? कॉन्टॅक्ट लेन्स घालता का? अलीकडे मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण असं काही झालं आहे का?

यातल्या प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. पुरळासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा इतकी नाजूक होते की वॅक्सिंगबरोबर वरचा थर सोलून निघतो आणि डाग राहतो. गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर निदान सहा महिने चेहऱ्याला वॅक्स नको. पुरळासाठी ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापॅलीनची क्रीम रात्री लावत असेल तरीही तोच धोका आहे. किती दिवस आधी थांबायचं हे तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगा. ताप किंवा बाळंतपणाचा प्रश्न केसांसाठी आहे. मोठ्या आजारानंतर दोन ते तीन महिन्यांनी केस भराभर गळू लागतात. हे कळलं असेल तर आंबाड्याला किती भरणी लागेल याचा अंदाज येतो, आणि घाबरलेल्या नवरीला धीरही देता येतो, कारण अशी गळती बहुतेकदा आपोआप थांबते.

ही भेट लग्नाच्या किमान सहा आठवडे आधी व्हावी असा आग्रह धरा. विशीतल्या त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन झडायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढतं तसा हा काळ लांबतो. म्हणजे शेवटच्या आठवड्यात सुरू केलेल्या कुठल्याही सीरमचा फायदा लग्नात दिसत नाही. दिसलीच तर त्याची जळजळ दिसते.

वरचा थर कसा चालतो

त्वचेचे तीन थर सगळ्यांनी पाठ केलेले असतात. आपल्याला रोज संबंध येतो तो बाह्यत्वचेच्या अगदी वरच्या, मृत पेशींच्या पातळ थराशी. या चपट्या पेशींच्या मधल्या जागा सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड या स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात. त्या भरणीमुळे आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे जंतू, रसायनं बाहेर राहतात. यालाच आपण स्किन बॅरिअर म्हणतो.

या थराचा पीएच साधारण ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असतो. अंगाच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. साबणाने तोंड धुतलं की भरणीतला स्निग्ध अंश निघून जातो, पीएच चढतो आणि तो खाली यायला काही तास लागतात. चेहरा ताणल्यासारखा वाटतो तो यामुळेच. लिंबू दुसऱ्या टोकाला आहे: त्याचा पीएच २ च्या आसपास. लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलींच्या गालावर काळपट चट्टे उठतात, कारण लिंबाच्या सालीतले काही घटक उन्हाशी मिळून त्वचा अक्षरशः भाजतात. घरचा उपाय म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत पहिल्या भेटीतच प्रेमाने मोडून काढा.

मॉइश्चरायझर निवडताना त्यात तीन कामं करणारे पदार्थ असतात हे लक्षात ठेवा. ग्लिसरीन, हायलुरॉनिक अ‍ॅसिड पाणी धरून ठेवतात. काही तेलं आणि एस्टर (तेलासारखे स्निग्ध पदार्थ) पेशींच्या खडबडीत कडा गुळगुळीत करतात. व्हॅसलीनसारखे पदार्थ वर पडदा धरून पाणी उडू देत नाहीत. नागपूर, जळगावकडच्या कोरड्या थंडीत नुसतं हायलुरॉनिक अ‍ॅसिड लावलं आणि वर क्रीम लावलं नाही, तर चेहरा अजून कोरडा वाटू शकतो. मुंबईत, रत्नागिरीत मे महिन्यात ग्लिसरीन असलेलं हलकं जेल पुरतं.

चेहरा वाचायला शिका

ट्रायलच्या, म्हणजे लग्नाचा मेकअप आधी करून बघायच्या दिवशी नवरीला मेकअप न करता यायला सांगा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन काहीही न लावता अर्धा तास बसवा आणि खिडकीजवळ, उजेडात बघा. कपाळ-नाकावर चमक आणि गाल कोरडे, सगळीकडे चमक, की सगळीकडे ताण? तेलकट चेहराही आतून पाण्याला तहानलेला असू शकतो: वर चमक, पण गाल हलकेच चिमटीत घेतला की बारीक सुरकुत्यांची जाळी दिसते. अशा चेहऱ्यावर तेल शोषणारं प्रायमर (फाउंडेशनच्या खाली लावायचा थर) थापलं की दोन तासांत बेस फुटतो.

डोळ्यांखालच्या काळेपणाची कारणं वेगवेगळी असतात. बोटाने तिथली त्वचा हलकेच बाजूला ताणा. रंग तसाच राहिला तर ते रंगद्रव्य आहे, आणि आपल्याकडे बहुतेकदा तेच असतं. निळसर-जांभळी छटा जास्त स्पष्ट झाली तर खालच्या शिरा दिसताहेत, कारण पापणीची त्वचा अंगावरची सगळ्यात पातळ त्वचा आहे. ताणल्यावर काळेपणा नाहीसा झाला तर ती खळगीची सावली होती. पहिल्या दोन्हींना नारिंगी किंवा पीच करेक्टर चालतो, निळसर छटेला जास्त. सावलीला करेक्टर चालत नाही, तिथे उजळ कन्सीलर अगदी थोडा लावावा.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. काही चेहऱ्यांवर मेकअप करण्याआधी थांबावं लागतं.

गाल लालबुंद, बारीक शिरा दिसताहेत, उन्हात गेलं की आग होते, मधूनमधून पुरळ, गालावर लव वाढलेली, आणि मुलगी म्हणते, “ती क्रीम बंद केली की चेहरा आणखी खराब होतो.” ही स्टेरॉइडची खूण आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असलेल्या क्रीम गोरेपणासाठी महिनोन्‌महिने लावल्या जातात. २०१८ मध्ये अशा अनेक क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी वांग आणि डागांसाठी त्या हातोहात फिरतात. अशी नवरी आली तर तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा. “बंद करून टाका” असंही आपण सांगायचं नाही, कारण अचानक बंद केल्यावर चेहरा भडकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटते.

दुसरा धोका पाऱ्याचा. पारा रंगद्रव्य तयार होण्याच्या प्रक्रियेला अडवतो, म्हणून चेहरा आठवड्याभरात उजळतो. आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडं खराब करतो. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना क्रीममुळे मूत्रपिंडाचा आजार झाल्याच्या बातम्या २०२३ च्या सुरुवातीला आल्या होत्या. त्याच वर्षी केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीम वापरणाऱ्यांमध्ये असेच रुग्ण सापडले. बिनलेबलच्या डबीतली, “पार्लरची स्पेशल” म्हणून मिळणारी क्रीम तुम्ही विकू नका, सुचवू नका, आणि नवरी वापरत असेल तर स्पष्ट बोला. सावळ्या मुलीला गोरं करून दाखवणं हे आपलं काम नाही, हे मला मनापासून वाटतं. सासरच्यांनी मागणी केली तरी नाही.

ओठांच्या कडेला पाण्याच्या बारीक पुळ्या, आलेले डोळे, पू असलेली जखम, गजकर्णाचे गोल चट्टे: यातलं काही असेल तर त्या जागेला ब्रश लावायचा नाही. कोड मात्र संसर्गाने पसरत नाही. कोडाच्या डागावर मेकअप जरूर करा, फक्त तिथे घासू नका, कारण काहींच्या बाबतीत घर्षणाच्या जागी नवीन डाग उठतो.

लग्नाआधीचे आठवडे

नवरीला करायला सांगायच्या गोष्टी थोड्याच ठेवा. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. सनस्क्रीनच्या डबीवरचा एसपीएफ त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतकं लावून मोजलेला असतो. रोजच्या जीवनात बहुतेक जण त्याहून खूप कमी लावतात. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं घ्यायला सांगा.

पील (अ‍ॅसिडने त्वचेचा वरचा थर सोलणं) करायचाच असेल तर चार आठवडे आधी आणि डॉक्टरांकडून. नवीन प्रकारचं फेशियल शेवटच्या दोन आठवड्यांत नको. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग शेवटच्या तीन-चार दिवसांत टाळा. थ्रेडिंगच्या दोऱ्याने कपाळावर बारीक चपट्या चामखिळी ओळीने पसरतात, म्हणून आधीच चामखीळ असेल तर थ्रेडिंग नकोच. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा एक स्वभाव आहे: कुठेही दाह झाला, की तो बरा झाल्यावर काळा डाग मागे राहतो आणि काही महिने जात नाही. रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसांत जवळपास सारखीच असते, पण आपल्या पेशी जास्त आणि मोठे कण बनवतात. हार्वर्डच्या टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये त्वचेचे प्रकार मांडले, तेव्हा ते गोऱ्या त्वचेपुरतेच होते. गव्हाळ आणि काळ्या त्वचेचे प्रकार नंतर जोडले गेले. परदेशी व्हिडिओत दाखवलेला पील किंवा लेसर आपल्या नवरीवर तसाच चालेल असं गृहीत धरू नका.

पॅच टेस्ट याच काळात होते. लॅश ग्लू, फाउंडेशन, टिकलीचा गोंद यांचा ठिपका कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तासांनी बघा. लॅश ग्लूमध्ये, म्हणजे खोट्या पापण्यांच्या गोंदात, लॅटेक्स (रबराचा चीक) असू शकतं आणि काहींना त्याची अ‍ॅलर्जी असते. चिकट टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनामुळे कपाळावर पांढरा डाग पडल्याच्या केसेस त्वचारोगतज्ज्ञांना नेहमी दिसतात. अशा मुलीला चंद्रकोर ब्रशने रंगवा किंवा कुंकू लावा, पण तेही शुद्ध असू द्या.

मेंदीचंही विचारा. खरी मेंदी काढल्यावर केशरी दिसते आणि दिवस-दोन दिवसांत गडद होते. तासाभरात काळीकुट्ट रंगणाऱ्या कोनात पीपीडी हे हेअर डायचं रसायन असू शकतं. त्याने हातावर फोड येतात, आणि एकदा त्या रसायनाची अ‍ॅलर्जी बसली की पुढे आयुष्यभर केस रंगवताना त्रास होतो.

हळदीनंतरची सकाळ

हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतो. आणि अल्कलीत तो लाल होतो. हळदीत चुना मिसळून कुंकू बनतं ते याच गुणामुळे, आणि हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल दिसतो तेही यामुळेच. तेव्हा हळद उतरवायला साबण घासणं चुकीचं आहे. हळद लागली त्याच संध्याकाळी क्लेन्झिंग ऑइल किंवा साधं खोबरेल तेल चेहऱ्यावर हलक्या हाताने फिरवा, मऊ कापसाने टिपा, मग सौम्य फेसवॉश. दोनदा केलं की बराच रंग निघतो. उरलेला रंग मृत पेशींमध्ये बसलेला असतो, तो त्या पेशींबरोबर दोन-चार दिवसांत जाईल. स्क्रबने तो काढायला गेलात तर भरणीही जाईल.

यावर आणखी एक उपाय ट्रायलमध्येच होतो. फाउंडेशनची नेहमीची शेड आणि तिच्यापेक्षा थोडी पिवळट शेड अशा दोन्ही वहीत लिहून ठेवा. लग्नाच्या सकाळी मान आणि छाती पिवळसर असते, चेहरा धुतलेला असतो. शेड जबड्याला नाही, मानेला जुळवा. साडीच्या काठावरून तीच दिसते.

लग्नाच्या दिवशी, थर लावताना

कॉन्टॅक्ट लेन्स आधी घालायला सांगा, मेकअपनंतर नाही. पहाटेची सूज ही रात्री आडवं झोपल्यामुळे चेहऱ्यात साचलेल्या पाण्याची असते. नवरीला उठून बसवा, गार ओला रुमाल पापण्यांवर पाच-सात मिनिटं ठेवा. बर्फ थेट त्वचेवर फिरवू नका.

मॉइश्चरायझर लावून पाच ते दहा मिनिटं थांबा. ही मिनिटं नवोदित सगळ्यात आधी वाचवतात आणि पुढे तासभर त्याची किंमत मोजतात. मग प्रायमर. बाटलीमागचे घटक वाचा: डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलॉक्सेन ही नावं वर असतील तर ते सिलिकॉनवर आधारलेलं आहे, पहिलं नाव पाणी असेल आणि सिलिकॉन नसेल तर पाण्यावर. सिलिकॉनच्या प्रायमरवर पूर्ण पाण्याचं फाउंडेशन घासलं की त्याच्या गोळ्या निघतात. दोघांचा आधार शक्यतो सारखा ठेवा, आणि घासण्याऐवजी ओल्या स्पंजने थापा. थर पातळ ठेवा, कारण जाड थर सुकताना आणि हसताना तडकतो. नाकाशेजारी आणि हनुवटीवर तर आणखी पातळ.

फोटोत चेहरा पांढरा दिसण्याचं कारण बहुतेक वेळा सिलिका, टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड असतं. हे कण कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड थेट परत फेकतात. पांढरी दिसणारी सेटिंग पावडर भरपूर लावली की डोळ्यांखाली पांढरे चंद्र उमटतात. ट्रायलमध्ये अंधाऱ्या खोलीत फ्लॅश लावून फोटो काढून बघा. आरशाला हे कळत नाही.

घाम आणि तेल यांचा उपाय एक नाही. पावडर तेल शोषते; घाम पाणी आहे, त्यावर पावडर टाकली की चिखल होतो. आधी टिश्यूने दाबून टिपा, मग गरज असेल तर पावडर. सेटिंग स्प्रेमध्ये पातळ पडदा धरणारे पॉलिमर असतात, तो पडदा बसायला स्प्रे वाळू द्यावा लागतो. मंगल कार्यालयात होमाचा धूर असतो, डोळ्यांतून पाणी येणारच. खालच्या पापणीला वॉटरप्रूफ मस्कारा आणि काजळ, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात जाड कन्सीलर नको. मुंडावळ्या कपाळाच्या दोन्ही बाजूंनी घासतात. तिथला बेस अगदी पातळ लावून पावडरने बसवा आणि मुंडावळ्या बांधल्यावर एकदा परत बघा. दाबाची नथ नाकपुडीवर जिथे बसणार तिथे फाउंडेशन जवळपास नकोच. नथ घसरते ती त्या तेलकट थरावरून.

केस

आपल्या चित्रपटसृष्टीत अनेक दशकं मेकअप पुरुषांनी करायचा आणि केस बायकांनी, असा संघटनेचा नियम होता. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मोडीत काढला. आज एकच मुलगी दोन्ही करते, म्हणून दोन्हींचं शास्त्र तिला यायला हवं.

केसाच्या बाहेरच्या आवरणात, क्युटिकलमध्ये, पातळ खवले कोकणातल्या घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, टोकं खालच्या दिशेने. उलटा कंगवा फिरवून केस फुगवला की ही कौलं उचकटतात. बॅककोंबिंग लागणारच, पण ते मुळाशी, थोडक्या बटांत करा आणि सोडवताना टोकापासून सुरुवात करा. कौलांच्या आत केराटिनचे धागे असतात. ते हायड्रोजनच्या कमजोर बंधांनी आणि गंधकाच्या मजबूत बंधांनी जोडलेले असतात. पाणी आणि उष्णता फक्त कमजोर बंध तोडतात. टाँगवर (कर्ल करायच्या गरम दांडीवर) गुंडाळलेली बट गरम असताना बंध सुटतात आणि थंड होताना नव्या आकारात जुळतात. म्हणून बट गरमच सोडू नका. पिन लावून गुंडाळलेलीच थंड होऊ द्या, मग सोडा. मुंबईच्या दमट हवेत कर्ल का उतरतात याचंही उत्तर इथेच आहे: हवेतलं पाणी तेच बंध पुन्हा तोडतं. तिथे मोकळ्या कर्लपेक्षा आंबाडा किंवा खोपा सुचवा.

रिबाँडिंग, केराटिन ट्रीटमेंट हे गंधकाचे बंध किंवा केराटिनच बदलणारे प्रकार आहेत. त्यातल्या काहींत गरम केल्यावर फॉर्मल्डिहाइड हा अपायकारक वायू बाहेर पडतो. ग्लायॉक्सिलिक अ‍ॅसिड असलेल्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाचा त्रास झाल्याच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधून आल्या आहेत. लग्नाच्या तोंडावर हे करू नये असं मी प्रत्येक नवरीला सांगते.

ओल्या केसावर स्ट्रेटनर अजिबात नको. केसातलं पाणी उकळून आत बुडबुडे होतात आणि केस तिथेच तुटतो. चुर्र आवाज आला तर लगेच थांबा. कोरड्या केसावरही २०० अंशांच्या पुढे जाऊ नका. रंगवलेल्या किंवा पातळ केसांना १५० च्या आसपास पुरे.

तेलाबद्दल आपल्याकडे फार वाद होतात. २००३ मध्ये मुंबईत मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी तीन तेलं तपासली. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, मिनरल ऑइल आणि सूर्यफूल तेलाने ते होत नाही, असं त्यांना दिसलं. कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते हे ध्यानात ठेवूनही, खोबरेल तेलातल्या लॉरिक अ‍ॅसिडचा लहान, सरळ रेणू केसात शिरतो हे कारण पटण्यासारखं आहे. तेव्हा न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल लावणं चांगलंच. मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी केस धुऊन पूर्ण वाळवून ठेवावेत. तेलकट केसांत पिना टिकत नाहीत, आणि त्याच सकाळी धुतलेल्या निसरड्या केसांतही टिकत नाहीत.

खोपा, भरणी, गजरे, सोन्याची फुलं असं मिळून डोक्यावर बरंच वजन येतं. ते सगळं पुढच्या केसरेषेतल्या केसांवर ओढून बांधू नका. तिथले केस बारीक असतात, सततच्या ताणाने तिथली मुळं कायमची जातात. हे आपण रोज घट्ट अंबाडा घालणाऱ्या नर्तिकांमध्ये बघतो. आतून एक घट्ट, लहान आधार-आंबाडा बांधा आणि वजन त्यावर अडकवा. कपाळाजवळचा भाग सैल राहू द्या. हेअरस्प्रेत अल्कोहोल आणि पेट घेणारा वायू असतो. होमाजवळ, निरांजनाजवळ टचअपसाठीसुद्धा स्प्रे काढायचा नाही.

किट आणि हात

भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांना कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू आहेत. लेबलवर घटक, बॅच नंबर, वापरण्याची मुदत आणि उत्पादन परवान्याचा नंबर हवा. आयात मालावर नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर हवा. ठोक बाजारातून निम्म्या किमतीत मिळणाऱ्या “फर्स्ट कॉपी” पॅलेटवर यातलं काही नसतं. तो पॅलेट कुणाच्या डोळ्याजवळ नेऊ नका. उघड्या डबीच्या चित्रात १२एम लिहिलं असेल तर उघडल्यापासून बारा महिने. मस्कारा मात्र तीन महिन्यांत बदला.

लिपस्टिक, क्रीम, कन्सीलर कधीही थेट डबीतून चेहऱ्यावर नाही. स्पॅट्युलाने स्टीलच्या पॅलेटवर काढून घ्या. मस्काराची कांडी प्रत्येकीला नवी, एकदा वापरायची. ब्रश साबणाच्या पाण्याने धुऊन केस खालच्या बाजूला करून वाळवा, पाणी मुठीत उतरलं की गोंद सुटतो आणि बुरशी धरते. दोन चेहऱ्यांच्या मध्ये वेळ नसेल तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. ९९ टक्क्यांचं जास्त चांगलं असं वाटतं, पण ते जंतूवर काम करण्याआधीच उडून जातं. त्यातलं पाणी प्रथिनं मोडायला मदत करतं. स्पंज मात्र एकीला एकच. नवरीबरोबर करवली, आई, मावशी अशा पाच-सहा जणी बसणार असतील, तर तेवढे स्पंज पॅकेजच्या किमतीतच धरा.

रात्री उतरवणं, आणि त्यानंतरचा फोन

मेकअप उतरवायचं पॅकेजमध्ये नसलं तरी नवरीच्या हातात एक छोटी पिशवी द्या: क्लेन्झिंग बाम किंवा तेल, मऊ कापूस, साधं मॉइश्चरायझर, आणि एक लिहिलेला कागद. कागदावर एवढंच: आधी पिना आणि केसांचा आधार सोडा, टोकापासून गुंता काढा, लॅशेस तेलाने भिजवून सोडवा, ओढू नका, वॉटरप्रूफ मस्कारावर तेलाचा कापूस अर्धा मिनिट धरून ठेवा, मग खाली पुसा, चेहरा तेलाने, मग सौम्य फेसवॉशने, मग फक्त मॉइश्चरायझर. त्या रात्री कुठलंही अ‍ॅसिड किंवा रेटिनॉल नाही.

तिसऱ्या दिवशी तिला फोन करा. स्पर्शाने होणारी अ‍ॅलर्जी बहुतेक वेळा लगेच दिसत नाही, २४ ते ७२ तासांत वर येते. त्यामुळे लग्नाच्या दिवशी सगळं छान असलं तरी पूजेच्या दिवशी पापण्या सुजलेल्या असू शकतात. काही झालं असेल तर वापरलेली उत्पादनं आणि त्यांचे बॅच नंबर वहीतून काढून तिला पाठवा, डॉक्टरांना ते लागतात. काही झालं नसेल तरी कोणती शेड, कोणता ग्लू, किती पिना हे तिच्या नावापुढे लिहून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत डोहाळजेवणाला ती पुन्हा तुमच्याकडेच येईल, आणि तेव्हा ती गरोदर असेल, म्हणून प्रश्नांची यादी पुन्हा पहिल्यापासून विचारायची.